पाइनियल गाठ, दीड मिली सीएसएफ आणि एएफपीचा आकडा : एका केसची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सांभाळते. ही केस काही वर्षांपूर्वीची आहे, ओळख पटू नये म्हणून वय, वार, गाव असले तपशील बदललेत आणि आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तेच ठेवलंय, कारण सगळी गोष्ट त्या नात्यावरच उभी आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, ऊसपट्ट्यातल्या गावचा. दोन महिने डोकं दुखायचं, सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची आणि उलटी झाली की जरा बरं वाटायचं. आधी पित्त म्हणून औषधं झाली, मग चष्म्याचा नंबर असेल म्हणून तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि खरं सांगायचं तर त्या डॉक्टरांनीच त्याला वाचवलं. त्यांनी "वर पंख्याकडे बघ" म्हटलं की पोरगा अख्खी मान मागे टाकायचा, बुबुळं काही वर जायची नाहीत. मान धरून ठेवून पुन्हा बघायला लावलं, तरी नाहीच. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज होती. त्यांनी चिठ्ठी लिहून त्याच दिवशी आमच्याकडे पाठवलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या गाभ्यातल्या पाइनियल ग्रंथीच्या जागी साधारण ३ सेंटिमीटरची गाठ दिसली, आणि तिने डोक्यातलं पाणी, म्हणजे सीएसएफ (मेंदू आणि मणक्याभोवती फिरणारा द्रव), खाली उतरायची वाटच बंद केलेली. या वयात, मुलगा असताना, या जागी गाठ म्हटलं की पहिला संशय जर्म सेल ट्यूमरचा. गर्भ घडताना ज्या पेशींपासून पुढे बीजं तयार व्हायची त्यातल्या काही भलतीकडे राहून जातात आणि त्यांचीच गाठ होते, असं मानतात. यात दोन मोठे गट आहेत. एक शुद्ध जर्मिनोमा, जो रेडिएशनला आणि केमोला छान दाद देतो, १० पैकी ९ पेक्षा जास्त मुलं बरी होतात. दुसरा मिश्र गट, त्यात योक सॅक ट्यूमर, कोरिओकार्सिनोमा, टेराटोमा असं काहीही एकत्र असू शकतं, तिथे औषधं जड लागतात, रेडिएशनचा डोस जास्त लागतो, आणि तरी यश कमी.

आता एक गोष्ट लोक मला सारखी विचारतात, रक्त तपासून ब्रेन ट्यूमर कळतो का हो? ग्लायोमासारख्या नेहमीच्या ब्रेन ट्यूमरसाठी रोजच्या वापरात असं एकही भरवशाचं प्रोटीन नाही. जर्म सेल ट्यूमर हा मोठा अपवाद. एएफपी (अल्फा फीटोप्रोटीन) हे प्रोटीन गर्भातलं बाळ स्वतः बनवतं, त्याचं लिव्हर आणि योक सॅक (गर्भासोबतची सुरुवातीची पिशवी), आणि जन्मानंतर ते हळूहळू अगदी नगण्य होतं. मोठ्या मुलात ते पुन्हा दिसलं की कुठेतरी गर्भातल्यासारख्या पेशी कामाला लागल्यात असं समजायचं. १९६३ साली आबेलेव्ह यांनी उंदरांच्या लिव्हर ट्यूमरमध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. दुसरं प्रोटीन बीटा एचसीजी, ते एरवी वार बनवते.

यातला नियम असा, की शुद्ध जर्मिनोमा थोडं एचसीजी सोडू शकतो पण एएफपी वाढवत नाही. युरोपातल्या एसआयओपी (बालकर्करोगतज्ज्ञांची संघटना) प्रोटोकॉलमध्ये रक्तात किंवा सीएसएफमध्ये एएफपी २५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर किंवा एचसीजी ५० युनिट प्रति लिटरच्या वर गेलं की केस दुसऱ्या गटात धरतात, बायोप्सी नसली तरी. उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांत एएफपीची रेघ अजून खाली, १० वर आहे. म्हणजे लॅबचा एक आकडा मुलाची अख्खी ट्रीटमेंट ठरवतो, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते लिहावंसं वाटलं.

अडचण

शनिवारी रात्री मुलगा गुंगायला लागला, हाक मारली की उशिरा डोळे उघडायचा. थांबायला वेळच नव्हता. पाणी असं तुंबलेलं असताना पाठीतनं पाणी काढणं धोक्याचं, खालचा दाब एकदम कमी झाला तर मेंदू खाली सरकतो, त्यामुळे न्यूरोसर्जननी दुर्बिणीतून डोक्यातल्या पाण्याला नवी वाट करून द्यायचं ठरवलं आणि त्याच वेळी गाठीचे तुकडेही घेतले. सिस्टरने ऑपरेशनच्या आधी रक्त पाठवलं होतं. ऑपरेशनमध्ये सीएसएफ मिळालं चार मिली, त्यातलं कल्चरला, सायटोलॉजीला (गाठीच्या पेशी शोधायला), शुगर-प्रोटीन आणि सेल काउंटला वाटून झालं, आणि अगदी शेवटी रेसिडेंटला आठवलं म्हणून त्याने फॉर्मच्या कोपऱ्यात पेनने "एएफपी, बीटा एचसीजी" लिहिलं आणि उरलेला बल्ब (सॅम्पलची छोटी नळी) वॉर्डबॉय मामांच्या हातात दिला.

रक्ताचा रिपोर्ट रविवारी गेला. एएफपी ७.१ नॅनोग्रॅम, एचसीजी ६. एएफपी नॉर्मल, एचसीजी किंचित वर. सीएसएफच्या बल्बवर मात्र नाइटच्या टेक्निशियनने शिक्का मारला, सॅम्पल नाकारलं, या मशिनवर हा नमुना प्रमाणित नाही.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. किटच्या कागदावर सीरम आणि प्लाझ्मा एवढंच लिहिलेलं असतं. सीएसएफमध्ये एकूण प्रोटीन रक्ताच्या मानाने फारच कमी, मीठपाण्यासारखंच ते, आणि सीरमसाठी बनवलेली टेस्ट अशा पातळ पाण्यात नीट चालते की नाही हे आधी तपासल्याशिवाय आकडा देणं म्हणजे अंदाजपंचे काम. दुखणं हे होतं की असे नमुने आमच्याकडे वर्षाला दोनतीनदा यायचे आणि ते तपासून ठेवायचं काम माझ्या यादीत होतं, आणि दर वेळी मागे पडत होतं.

सोमवारी सकाळी मी नाकारलेल्या सॅम्पलची यादी चाळत होते तेव्हा "सीएसएफ, एएफपी, वय १३" दिसलं. फ्रिज उघडला तर ट्रेच्या मागच्या रांगेत बल्ब होता, हलकी गुलाबी झाक असलेलं पाणी, मोजलं तर १.६ मिली. टाकून दिलं असतं तर परत मिळणारं नव्हतं, निदान ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीचं डोक्यातलं पाणी म्हणून तरी नाहीच.

१.६ मिली कशावर खर्च करायचे

पहिला निर्णय हाच. सगळं बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवावं, ते सीएसएफचे मार्कर रिपोर्ट करतात, पण रिपोर्टला आठवडा लागणार. किंवा आपणच चालवावं आणि खाली टीप टाकावी की हा नमुना प्रमाणित नाही. किंवा पाठीतलं पाणी नव्याने काढेपर्यंत थांबावं, आणि न्यूरोसर्जन म्हणत होते की दहाबारा दिवस तरी हात लावायचा नाही.

मी मधला मार्ग घेतला. अर्धा मिली वेगळ्या प्लास्टिकच्या बल्बमध्ये काढून, लेबल लावून फ्रीझरमध्ये ठेवला, तो बाहेरच्या लॅबचा. उरलेला सेंट्रिफ्यूज केला, वरचं स्वच्छ पाणी घेतलं, आणि चालवायच्या आधी दोन परीक्षा घेतल्या. एक, पातळ करून बघणं. सॅम्पल जसंच्या तसं, मग निम्म्याला, मग चौपट पातळ, आणि आकडा परत गुणला की तोच यायला हवा. याने अजून एक गोष्ट कळते, प्रोटीन अफाट जास्त असेल तर सँडविच पद्धतीची टेस्ट (दोन अँटिबॉडींच्या मध्ये प्रोटीन पकडणारी) उलट कमी आकडा दाखवते, ते पातळ केल्यावर उघडं पडतं. दुसरी परीक्षा, ज्या पेशंटमध्ये काही निघालं नव्हतं अशांचं उरलेलं सीएसएफ एकत्र करून त्यात माहीत असलेलं एएफपी घालायचं आणि मशीन ते पूर्ण परत मोजतं का बघायचं. घातलेल्याच्या ९४ टक्के परत मिळालं. असं मिसळलेलं सीएसएफ नुसतं मोजलं तेव्हा एएफपी मशीनला दिसण्याइतकंही नव्हतं.

मुलाच्या पाण्यात एएफपी आलं ३८.४. निम्मं पातळ करून गुणलं तर ३७.६, चौपट पातळ करून ३९.२. एचसीजी २२.

मी ते तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्याकडेच बघत बसले. रक्तात ७ आणि डोक्यातल्या पाण्यात ३८. एएफपी साधारण ७० हजार डाल्टनचं प्रोटीन आहे, रक्तातून मेंदूच्या पाण्यात ते सहजासहजी शिरत नाही, म्हणजे ते तिथेच कोणीतरी बनवत होतं.

त्याच दुपारी काका आले

मुलाचे वडील लहानपणीच गेलेले, सगळं बघायचे ते काका. ते लॅबच्या खिडकीशी मोबाइल धरून उभे.

"मॅडम, आमच्या पोराचा रिपोर्ट बदललाय तुमच्याकडं. ही बघा, प्रेग्नन्सीची टेस्ट लावलीया. कुणा बाईचं रक्त आन् आमचं नाव."

त्यांनी बिलावरचं बीटा एचसीजी वाचून कुणाला तरी विचारलं होतं. रागापेक्षा भीती जास्त होती चेहऱ्यावर, कारण रिपोर्ट बदलला असेल तर गाठ तरी आपल्याच पोराची कशावरून. मी त्यांना आत बसवलं, बल्बवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळवून दाखवला, आणि सांगितलं की काका, हे प्रोटीन बाईच्या पोटातली वार बनवते हे खरं, पण काही गाठींच्या पेशी वारेच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि त्याही तेच सोडतात, मुलगा असो की मुलगी, म्हणून डॉक्टर मुद्दाम ही टेस्ट लावतात. ते म्हणाले, मग आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलंच नसतं. गाडी सांगून झाली होती त्यांची. तेव्हा मुलाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते.

मी त्याच वेळी विचारून घेतलं, केसगळतीच्या गोळ्या, बायोटिनवाली काही औषधं चालू आहेत का, कारण काही किटमध्ये बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो. नव्हतं काही.

बायोप्सी एक सांगते, पाणी दुसरं

बुधवारी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, जर्मिनोमा. सीडी-११७ पॉझिटिव्ह, ऑक्ट-४ पॉझिटिव्ह, या दोन्ही जर्मिनोमाच्या खुणा, अगदी पुस्तकातल्यासारखा. वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटलं. योजनेच्या कागदांवर जर्मिनोमा लिहूनही झालं.

गुरुवारी ट्यूमर बोर्ड, म्हणजे केसवर सगळ्या विभागांच्या डॉक्टरांची बैठक. मी एरवी तिथे जात नाही, त्या दिवशी वही घेऊन गेले.

रेसिडेंटचा पहिला मुद्दा, पाणी गुलाबी होतं, रक्त मिसळलं म्हणून एएफपी आलं असेल. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि रास्तच आहे, पण इथे तो गणितात बसत नाही. रक्तातच ७ आहे. बल्बमध्ये पाण्याऐवजी निव्वळ रक्त असतं तरी आकडा ७ च्या वर गेला नसता. उलट रक्त मिसळल्याने ३८ जरा कमीच झाला असणार.

दुसरा मुद्दा बालकर्करोगाच्या मॅडमचा, आणि तो मला खरंच अडवणारा होता. पाणी बायोप्सीच्या आधी घेतलं की नंतर? गाठीला चिमटा लावल्यावर घेतलं असेल तर गाठीतलं प्रोटीन थेट पाण्यात सांडलं असेल. बल्बवर वेळ नव्हती, ऑपरेशन नोटमध्ये फक्त "सीएसएफ पाठवलं". सर्जन म्हणाले मला वाटतं आधीच घेतलं, पण त्यांच्या बोलण्यातला "मला वाटतं" सगळ्यांना ऐकू आला. यावर माझं एवढंच म्हणणं होतं की सांडलं असलं तरी ते गाठीतूनच सांडलं, आणि शुद्ध जर्मिनोमात सांडायला एएफपी नसतंच.

पॅथॉलॉजीच्या सरांचं मला फार कौतुक वाटलं. ते म्हणाले, "माझ्याकडे तीन तुकडे आलेत, एकेक दोन मिलिमीटरचा. त्यात जर्मिनोमा आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. गाठ तीन सेंटिमीटरची आहे, बाकीच्यात काय आहे ते मला विचारू नका."

पर्याय

समोर चार वाटा होत्या. बायोप्सी मानून जर्मिनोमाची ट्रीटमेंट लगेच सुरू करायची. किंवा आकडा मानून लगेच मिश्र ट्यूमरची जड केमो, सिस्प्लॅटिन, इटोपोसाइड, आयफोस्फॅमाइड. किंवा पुन्हा मोठं ऑपरेशन करून जास्त तुकडे आणायचे. किंवा मुलगा स्थिर आहे तोवर पाठीतलं पाणी मिळेपर्यंत थांबायचं.

पहिली वाट सगळ्यात मोहाची, कारण त्यात त्रास कमी. पण मिश्र गाठीला जर्मिनोमाचे डोस दिले तर जर्मिनोमाचा भाग विरघळतो, योक सॅकचा भाग राहतो आणि परत उठतो, आणि परत उठलेली ही गाठ आवरणं फार कठीण. पुन्हा ऑपरेशनला सर्जन तयार नव्हते, पाइनियलची जागा मेंदूच्या अगदी गाभ्यात, मोठ्या शिरांच्या खाली, आणि आकडा रेघेच्या वर असेल तर तुकड्यांची सक्तीही नाही.

ठरलं असं, की थांबायचं पण मुदत घालून. बाराव्या दिवशी पाठीतलं पाणी, त्यात मार्कर आणि सायटोलॉजी दोन्ही, मधल्या काळात मणक्याचा एमआरआय, कानाची तपासणी, किडनीच्या टेस्ट उरकायच्या. मुलगा त्याआधी बिघडला तर आकड्यावर विसंबून जड केमो सुरू. माझं मत विचाराल तर मी लगेच सुरू करण्याच्या बाजूची होते, पण प्रमाणित न केलेल्या टेस्टवरचा एकच आकडा आणि वेळ न लिहिलेला बल्ब, एवढ्यावर मॅडमना सिस्प्लॅटिन द्यायला कसं सांगणार होते मी.

काय केलं

सोमवारी बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि वॉर्डातून फोन, "मॅडम, त्यांचं ३०.६ आलंय, तुमचं ३८, कुठलं धरायचं?" मी रिपोर्ट मागवून बघितला. त्यांचं एकक आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिली, आमचं नॅनोग्रॅम. एएफपीचं एक युनिट म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम. ३०.६ गुणिले १.२१ म्हणजे ३७. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी मशीनं, आणि आकडा एकच. पण हाच आकडा समजा २२ आला असता, तर कोणीतरी २५ ची रेघ आठवून "खाली आहे" म्हणालं असतं, आणि तो खरा निघाला असता २६.६. तेव्हापासून मी रिपोर्टवर दोन्ही एककं छापते.

बाराव्या दिवशी पाठीतलं पाणी काढलं. या वेळी बल्ब बर्फात, हातोहात, आणि मी स्वतः दारात उभी. एएफपी ६१. डोक्यातल्या पाण्यापेक्षा पाठीतल्या पाण्यात मार्कर जास्त येणं नेहमीचं आहे, त्यामुळे वाढलं म्हणून कोणी घाबरलं नाही. सायटोलॉजीत गाठीच्या पेशी नव्हत्या, मणका स्वच्छ. गाठीला हात लावून बारा दिवस झाले होते, सांडण्याचा प्रश्नही मिटला. दुसऱ्या दिवशी जड केमो सुरू झाली.

पुढे काय झालं

तीन तीन आठवड्यांनी चार कोर्स. एएफपी शरीरातून निम्मं व्हायला पाच ते सात दिवस लागतात, म्हणजे औषध लागू पडत असेल तर दोन कोर्सनंतर ६१ चं फारच थोडं उरायला हवं. तिसऱ्या कोर्सआधी पाठीतलं पाणी काढलं, ३.२. रक्तातलं एएफपी या सगळ्या काळात नॉर्मलच होतं, ७ वरून २ वर आलं इतकंच. नुसत्या रक्तावर अवलंबून राहिलो असतो तर या गाठीचं खरं रूप कधी कळलंच नसतं.

चौथ्या कोर्सनंतर मार्कर मशीनला दिसेनासे झाले, पण एमआरआयवर सेंटिमीटरभर गाठ तशीच. आकडा शून्य आणि गाठ शिल्लक, असं झालं की लॅबवाल्यांनी गप्प बसावं असं मला वाटतं, कारण टेराटोमाचा पिकलेला भाग कुठलंच मार्कर सोडत नाही आणि केमोलाही दाद देत नाही. बोर्डाने ऑपरेशन ठरवलं, या वेळी सर्जनही तयार होते, गाठ लहान आणि कडेने सुटी झाली होती. निघाला तो पिकलेला टेराटोमा, मध्ये थोडं केस-त्वचेसारखं, आणि बाकी वणासारखा तंतू. जिवंत जर्मिनोमा नाही, योक सॅक नाही. म्हणजे गाठ मिश्रच होती, पहिल्या तीन तुकड्यांत तिचा एकच कोपरा आला होता. नंतर त्या जागेपुरतं ५४ ग्रे रेडिएशन झालं.

दोन वर्षांनंतरच्या तपासणीत एमआरआय स्वच्छ, मार्कर स्वच्छ. वर बघायला अजून जरा त्रास होतो. सिस्प्लॅटिनने उंच पट्टीचं ऐकू येणं कमी झालंय, वर्गात पहिल्या बाकावर बसतो. जड औषधं देण्याची ही किंमत आहे आणि ती देताना बोर्डात कोणाचाच चेहरा हलका नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, सीएसएफची परीक्षा मी ही केस यायच्या आधीच करून ठेवायला हवी होती. दोन दिवसांचं काम होतं. ते झालेलं असतं तर शनिवारी रात्रीच आकडा निघाला असता, बोर्डाला भरवसा वाटला असता, आणि तेरा दिवसांतले निदान सातआठ वाचले असते. मुलगा स्थिर राहिला म्हणून ते दिवस महागात पडले नाहीत, राहिलाच असता असं नाही.

दुसरं, ऑपरेशन थिएटरमध्ये पाणी वाटायचा क्रम. आमच्याकडे शुगर-प्रोटीनला पहिला मान मिळाला आणि मार्करला उरलंसुरलं. मधल्या रेषेवरची गाठ, पाइनियल किंवा पिट्युटरीच्या वरची, आणि पेशंट मूल किंवा तरुण असेल तर पहिले दोन मिली मार्करचे, हे आता थिएटरच्या भिंतीवर लावलंय. बल्बवर तीन गोष्टी लिहायच्या, कुठलं पाणी (व्हेंट्रिकल म्हणजे डोक्यातल्या पोकळीतलं, की पाठीतलं), बायोप्सीआधी की नंतर, किती वाजता. आणि नाइटच्या टेक्निशियनला सांगून ठेवलंय की सीएसएफ किंवा असं कुठलंही परत न मिळणारं सॅम्पल नाकारायचं असेल तर आधी मला फोन, रात्री तीन वाजले तरी चालेल.

घरच्यांना एचसीजी म्हणजे काय हे रक्त घेतानाच सांगायचं, सिस्टरनेच, दोन वाक्यांत. यावर मीटिंगमध्ये जरा कुरबुर झाली की एवढा वेळ कुठून आणायचा, तेव्हा मी काकांनी सांगून ठेवलेल्या गाडीची गोष्ट सांगितली.

गेल्या महिन्यात रात्री दीडला नाइटच्या टेक्निशियनचा फोन आला, सुप्रासेलर म्हणजे पिट्युटरीच्या वरची गाठ, अकरा वर्षांची मुलगी, सीएसएफ आलंय, लावू का. मी विचारलं बल्बवर काय लिहिलंय. तो वाचून दाखवायला लागला, "व्हेंट्रिकल, बायोप्सीच्या आधी, रात्री १२.५०, दोन मिली."

"लाव," म्हटलं.